एसआयआरएनए आणि डॉक्सोरुबिसिन कर्कपेशीत पोचवायचं: एक कण की दोन?

पिपेटधारी

औषधाला दाद न देणाऱ्या कर्कपेशींसाठी एक मार्ग पुन्हापुन्हा सुचवला जातो. अशा पेशींच्या पटलावर पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप भरपूर असतो आणि आत आलेलं डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध तो बाहेर टाकतो. म्हणून पंपाचं जनुक, म्हणजे एबीसीबी१, एसआयआरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारा छोटा दुपेडी आरएनए) देऊन बंद पाडायचं आणि त्याच नॅनोकणातून डॉक्सोरुबिसिनही पोचवायचं.

या धाग्यात त्याच्या प्रत्यक्ष बाजूवर चर्चा हवी आहे. दोन्ही माल एकाच कणात भरण्यात खरोखर फायदा आहे, की दोन वेगळे कण वेगवेगळ्या वेळी देणं बरं? प्रमाणं काय घ्यायची, भरणी कशी मोजायची, आणि प्रयोग फसतो तो नेमका कोणत्या टप्प्यावर? प्राथमिक माहिती सगळ्यांना आहे असं धरून चालू. आकडे द्या, नुसतं "परिणामकारकता वाढली" नको.

माझं मत आधीच मांडतो: बहुतेक प्रयोग पेशीच्या दाराशी अडत नाहीत, आत शिरल्यावर एंडोसोममध्ये, म्हणजे पेशी आत घेतलेला माल ज्या पिशवीत ठेवते तिच्यात, अडतात. कण पेशीत दिसतोय असा चमकदार फोटो हा पुरावा म्हणून फारच तोकडा आहे.

लिपिडवाला

एसआयआरएनएच्या भरणीपासून सुरू करतो, कारण तिथलं गणित पक्कं आहे.

लिपिड कणाचं नेहमीचं मोलर प्रमाण: आयनशील (आम्लात धनभार घेणारं) लिपिड ५०, डीएसपीसी (आधार देणारं फॉस्फोलिपिड) १०, कोलेस्टेरॉल ३८.५, पेग-लिपिड (पेग हा पॉलिमर जोडलेलं लिपिड) १.५. पॅटिसिरान या २०१८ साली मान्यता मिळालेल्या औषधामागे हेच सूत्र आहे, त्यातलं आयनशील लिपिड म्हणजे डीलिन-एमसी३-डीएमए (पुढे नुसतं एमसी३). आता १ मिलिग्रॅम एसआयआरएनए घ्या. एका न्यूक्लिओटाइडचं वजन सरासरी ३३० धरलं तर त्यात साधारण ३ मायक्रोमोल फॉस्फेट येतं. एन/पी (लिपिडातला नायट्रोजन भागिले आरएनएतलं फॉस्फेट) ३ ठेवायचं तर एमसी३ लागेल ९ मायक्रोमोल, म्हणजे ५.८ मिलिग्रॅम. त्याच हिशेबाने डीएसपीसी १.४, कोलेस्टेरॉल २.७ आणि पेग-डीएमजी ०.७ मिलिग्रॅम. एकूण लिपिड साडेदहा मिलिग्रॅमच्या आसपास.

लिपिडं १ मिलिलिटर शुद्ध इथेनॉलमध्ये, एसआयआरएनए ३ मिलिलिटर २५ मिलिमोलार सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये, पीएच ४. मायक्रोफ्लुइडिक मिक्सरमधून पाण्याचा प्रवाह मिनिटाला ९ मिलिलिटर आणि इथेनॉलचा ३. एकूण वेग १२ च्या खूप खाली नेला की कण मोठे होतात आणि आकारात सारखेपणा राहत नाही. पहिले काही थेंब आणि शेवटचे थेंब टाकून द्या, तिथे प्रमाण बिघडलेलं असतं.

बाहेर पडलेल्या द्रावणात २५ टक्के इथेनॉल असतं. ते तसंच बाकावर ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत कण एकमेकांत मिसळून फुगलेले असतात. लगेच पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) पातळ करा आणि रात्रभर डायलिसिसला लावा, म्हणजे पडद्यातून इथेनॉल निघून जाईल. डीएलएसवर (प्रकाश विखुरून आकार मोजण्यात) ६० ते १०० नॅनोमीटर, पीडीआय (आकारातली तफावत) ०.२ च्या खाली, झीटा (कणाचा पृष्ठभार) शून्याच्या आसपास आला तर पुढे जा. झीटा ठळक धन दिसला तर सिरममध्ये त्यावर प्रथिनं चिकटणार आणि गुठळ्या होणार.

पीएच ४ ला इतकं महत्त्व का, तर एमसी३ चा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं लिपिड भारित असतं तो, ६.४४ आहे. पीएच ४ ला जवळजवळ सगळं लिपिड धनभारित असतं आणि आरएनएला पकडतं. ७.४ ला त्यातलं जेमतेम १० टक्के भारित राहतं म्हणून रक्तात कण शांत राहतो. एंडोसोममध्ये पीएच साडेपाचवर आला की पुन्हा ९० टक्के भारित होऊन तिथल्या ऋणभारित लिपिडांशी जुळतं आणि पटल विस्कटतं. सगळा खेळ या एका आकड्याभोवती आहे. गाठीसाठी लिपिड बदललंत तरी पीकेए ६.२ ते ६.६ च्या पट्ट्यात आहे का, ते टीएनएस या चमकद्रव्याच्या चाचणीने आधी पाहा.

अर्धायु

लिपिडवाला यांच्या कृतीला +१. पण एका कणात दोन्ही भरण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे आणि त्याची दोन कारणं आहेत: मात्रा आणि वेळ.

मात्रा बघा. पेशींच्या प्लेटमध्ये एसआयआरएनए १० ते ५० नॅनोमोलारला काम करतं. प्रतिरोधक पेशींना डॉक्सोरुबिसिन मात्र मायक्रोमोलारमध्ये लागतं. ५० नॅनोमोलार विरुद्ध १ मायक्रोमोलार धरलं तरी एका एसआयआरएनएमागे २० रेणू डॉक्सोरुबिसिन हवं. पुष्कळ लोक डॉक्सोरुबिसिन एसआयआरएनएच्या दुपेडात घुसवून दोन्ही एकत्र कणात नेतात. पण २१ बेस-जोड्यांच्या दुपेडात २० रेणू मावतील कुठे? त्यात आरएनएच्या दुपेडाची ठेवण डीएनएपेक्षा वेगळी, तिथे डॉक्सोरुबिसिन आणखी सैल बसतं. पातळ केल्यावर, सिरममध्ये, ते निसटून जातं. मग प्रयोगात दिसणारा परिणाम म्हणजे मोकळं डॉक्सोरुबिसिन अधिक कणातला एसआयआरएनए, इतकंच.

वेळेचा मुद्दा त्याहून मोठा. एसआयआरएनए आधीच तयार असलेल्या पंपाला हात लावत नाही, फक्त नवा पंप बनायचा थांबवतो. पी-ग्लायकोप्रोटीनचं अर्धायुष्य पेशीप्रकारानुसार साधारण १४ तासांपासून ३ दिवसांपर्यंत असतं. एमआरएनए २४ तासांत ८० टक्के घटलेला दिसेल, पण पटलावरचा पंप तेव्हाही निम्म्याहून जास्त शिल्लक असू शकतो. एकाच कणातून दोन्ही दिलंत तर डॉक्सोरुबिसिन पहिल्या काही तासांत सुटतं आणि शाबूत पंप ते बाहेर काढतो. आधी एसआयआरएनए, ४८ ते ७२ तासांनी औषध, हाच क्रम बरोबर. औषध देण्याआधी कॅल्सीन-एएम (पंप बाहेर फेकतो असं द्रव्य, पेशीत टिकलं तर हिरवं चमकतं) टाकून पंप खरंच थांबलाय का ते बघा: पंप चालू असेल तर पेशी अंधुक, थांबला असेल तर हिरव्या. सोबत टॅरिक्विडार (पंप रोखणारं औषध) दिलेल्या पेशी ठेवा, म्हणजे पूर्ण थांबलेला पंप कसा दिसतो ते कळेल. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन आहे का ते दाखवणारी चाचणी) हवाच, पण तो काम सांगत नाही, उपस्थिती सांगतो.

कणाद

@अर्धायु, एबीसीबी१ साठी तुमचा मुद्दा मान्य. पण लक्ष्य बदललं की उत्तर बदलतं. एमसीएल-१ (कर्कपेशीला मरू न देणारं प्रथिन) घ्या, त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास. एमआरएनए घटला की प्रथिन लगोलग खाली येतं. तिथे औषध आणि एसआयआरएनए जवळपास एकाच वेळी दिलं तरी जमतं. म्हणजे "एक कण की दोन" हा प्रश्न लक्ष्यप्रथिनाचं अर्धायुष्य माहीत असल्याशिवाय विचारूच नये.

आणि दोन कणांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी गाठीतली वाटणी लक्षात घ्यावी. प्लेटमध्ये सगळ्या पेशींना दोन्ही कण मिळतात. गाठीत एका पेशीला पहिला कण, शेजारणीला दुसरा, असं होतं. एका कणात ठेवल्याने प्रमाण टिकतं याचं चांगलं उदाहरण व्हिक्सिऑस हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध, २०१७ ची मान्यता. सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ५:१ मोलर प्रमाणात एकाच लिपोसोममध्ये (आत पाणी असलेल्या लिपिडाच्या पोकळ गोळ्यात). मोकळी दिली तर दोघांची रक्तातून जाण्याची गती वेगळी, प्रमाण लवकर बिघडतं. लिपोसोममुळे ते रक्तात टिकून राहतं. अर्थात ती दोन्ही लहान रेणूंची औषधं आहेत, एकात न्यूक्लिक आम्ल आलं की भरणीची पद्धतच जुळत नाही.

नवी_पेशी

इथेच एक प्रश्न. डॉक्सिल या बाजारातल्या औषधासारख्या लिपोसोममध्ये डॉक्सोरुबिसिन ९० टक्क्यांच्या वर भरतं म्हणतात. मग त्याच लिपोसोमच्या आतल्या पाण्यात एसआयआरएनए आधी ठेवून नंतर डॉक्सोरुबिसिन का भरत नाहीत?

लिपिडवाला

प्रश्न नेमका आहे. आधी डॉक्सोरुबिसिनची भरणी कशी होते ते पाहू.

एचएसपीसी (टणक पटल देणारं फॉस्फोलिपिड), कोलेस्टेरॉल आणि पेग-डीएसपीई साधारण ५६:३८:५ मोलर प्रमाणात घेऊन फिल्म करतात, ती २५० मिलिमोलार अमोनियम सल्फेटमध्ये ६० ते ६५ अंशांवर भिजवतात. एचएसपीसीचं पटल पन्नाशीच्या वर गेल्याशिवाय मऊ होत नाही, म्हणून एक्स्ट्रूडरही (बारीक छिद्रांच्या पडद्यातून ढकलणारं यंत्र) तेवढाच गरम हवा. थंड एक्स्ट्रूडरमधून ढकलायला गेलात की दाब वाढतो आणि पडदा फाटतो. ४००, २००, १०० नॅनोमीटर असे पडदे उतरत्या क्रमाने, शेवटच्यातून दहा वेळा.

मग बाहेरचा अमोनियम सल्फेट काढायचा, सेफाडेक्स जी-५० च्या गाळणस्तंभावर किंवा डायलिसिसने, आणि बाहेर १० टक्के सुक्रोज व १० मिलिमोलार हिस्टिडीन, पीएच ६.५ आणायचं. हीच पायरी सगळ्यात जास्त बिघडते. बाहेर अमोनियम सल्फेट शिल्लक राहिला तर आत-बाहेर फरकच उरत नाही आणि भरणी ३०-४० टक्क्यांवर अडकते. फरक पक्का असेल तर डॉक्सोरुबिसिन लिपिडच्या एक अष्टमांश वजनाने घाला, ६० ते ६५ अंशांवर ३० ते ६० मिनिटं ठेवा आणि बर्फात थंड करा. अमोनिया बाहेर झिरपतो, आत आम्लता राहते, भाररहित डॉक्सोरुबिसिन पटलातून आत जातं, तिथे भारित होऊन सल्फेटसोबत स्फटिक बनतं. एका लिपोसोममध्ये दहा हजारांहून जास्त रेणू मावतात ते यामुळे.

आता तुमचा प्रश्न. एसआयआरएनएला असं ओढून घेणारं काही नाही. ते भिजवण्याच्या पाण्यात घातलं तर १०० नॅनोमीटरच्या पोकळीत योगायोगाने सापडेल तेवढंच आत राहतं, बाकी महागडा माल बाहेर वाया. वरून आतलं थोडं एसआयआरएनए डॉक्सोरुबिसिनला चिकटतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एचएसपीसी-कोलेस्टेरॉलचं ते टणक पटल गळू नये म्हणूनच बनवलेलं असतं. एंडोसोम फोडायची त्याच्यात ताकद नाही. डॉक्सोरुबिसिन लहान आहे, ते यथावकाश झिरपून बाहेर पडतं. १३ हजार डाल्टनचा, चाळीसेक ऋणभारांचा एसआयआरएनए त्यातून कधीच बाहेर येणार नाही.

उलट बाजूनेही तेच. एमसी३ च्या कणाला आत पाण्याची मोठी पोकळी नसते, गाभा लिपिडानेच भरलेला असतो, म्हणून तिथे अमोनियम सल्फेटची युक्ती चालत नाही. एकाच कणात हवंच असेल तर डॉक्सोरुबिसिनला लांब मेदशृंखला जोडून त्याला तेलकट करायचं आणि लिपिडांसोबत इथेनॉलमध्ये घालायचं. मग तो बंध पेशीत किती वेगाने तुटतो हे स्वतंत्रपणे मोजावं लागतं.

नवी_पेशी

समजलं, धन्यवाद. म्हणजे एकाचं पटल न गळणारं हवं आणि दुसऱ्याचं वेळेवर फुटणारं.

फ्लोसायटो

मोजमापावर लिहिते, कारण बहुतेक चुका इथे होतात आणि त्या प्रसिद्धही होतात.

पहिलं, रायबोग्रीन, म्हणजे आरएनएला चिकटून चमकणारा रंग. ट्रायटन (कण फोडणारा डिटर्जंट) न घालता बाहेरचा आरएनए, ट्रायटन घालून एकूण आरएनए, आणि दोन्हींच्या फरकावरून भरणी काढायची. मानक आलेखही ट्रायटनसह आणि ट्रायटनविना असे दोन हवेत, कारण ट्रायटनने चमक बदलते. पण नमुन्यात डॉक्सोरुबिसिन असेल तर ही चाचणी सरळ वापरू नका. रायबोग्रीन ४८० नॅनोमीटरला उद्दीपित होतं आणि डॉक्सोरुबिसिन नेमकं तिथेच प्रकाश शोषतं. शिवाय ते दुपेडात रायबोग्रीनची जागा अडवतं. "बाहेर काहीच आरएनए नाही, भरणी ९८ टक्के" असा सुंदर आकडा येतो आणि तो खोटा असतो. एकतर मानकातही तेवढंच डॉक्सोरुबिसिन घाला, किंवा आरएनए वेगळा काढून एचपीएलसीवर (द्रव क्रोमॅटोग्राफीवर) मोजा.

डॉक्सोरुबिसिनची गंमत वेगळी. लिपोसोमच्या आत दाटीवाटीने असताना त्याची चमक दबलेली असते, म्हणून मोजण्याआधी ट्रायटनने लिपोसोम फोडायलाच हवं. पेशीत डीएनएला चिकटलं की पुन्हा दबते. म्हणजे ५९० नॅनोमीटरची चमक कमी दिसली याचा अर्थ औषध कमी पोचलं असा होत नाही, ते केंद्रकात व्यवस्थित बसलेलं असू शकतं. पेशी आम्लयुक्त आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवून मोजलेला आकडा जास्त भरवशाचा.

पेशीत शिरणं दाखवायचं तर ४ अंशांचं कंट्रोल लावा. ४ अंशांवरही तितकीच चमक असेल तर कण फक्त पृष्ठभागावर चिकटलाय. फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) घालण्याआधी हेपरिनने धुवा. मृत पेशी वेगळ्या काढल्याशिवाय कुठलाही आकडा लिहू नका, त्या सगळं शोषून घेतात. आणि रंग लिपिडावर आहे की आरएनएवर, हे स्पष्ट हवं. लिपिडावरचा सैल रंग सिरममधून पेशीच्या पटलात उडी मारतो आणि कण न जाताच पेशी चमकतात.

एंडोसोममधून सुटका पाहायची तर गॅलेक्टिन-८ किंवा ९ या साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाला चमकणारं प्रथिन जोडलेल्या पेशी घ्या. एंडोसोमचं पटल फाटलं की आतली साखर उघडी पडते आणि गॅलेक्टिन तिथे ठिपक्यासारखं गोळा होतं. यंत्रणा नसेल तर स्वस्तातली पडताळणी: एका वेलमध्ये ५० ते १०० मायक्रोमोलार क्लोरोक्विन (एंडोसोम फोडायला मदत करणारं) ४ तास, दुसऱ्यात १०० नॅनोमोलार बॅफिलोमायसिन (एंडोसोम आम्ल होऊ न देणारं). क्लोरोक्विनने परिणाम एकदम वाढला तर कण आत येत होते पण अडकत होते. बॅफिलोमायसिनने परिणाम नाहीसा झाला तर तुमचा कण खरोखर आम्लतेवर अवलंबून आहे. क्लोरोक्विन रात्रभर ठेवू नका, पेशीच मरतील.

पिपेटधारी

उत्तम. लिपोफेक्शनला (तयार लिपिड द्रावणाने पेशीत न्यूक्लिक आम्ल घालण्याला) सरावलेल्यांसाठी एक भर. एमसी३ चे कण सिरमविरहित माध्यमात टाकले तर बऱ्याच पेशी त्यांना घेतच नाहीत. या कणांवर रक्तातलं एपोई प्रथिन बसतं आणि एलडीएल ग्राहीमार्फत कण आत जातात. म्हणून प्लेटमध्ये मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकं एपोई घालून १० मिनिटं ३७ अंशांवर ठेवून मग पेशींना द्या. तुमच्या पेशींवर एलडीएल ग्राही कमी असेल तर कण वाईट नाही, पेशीची जोडी चुकीची आहे.

याचीच दुसरी बाजू: शरीरात हे कण यकृताकडे धावतात. यकृताबाहेरच्या गाठीसाठी पॅटिसिरानचं सूत्र जसंच्या तसं उचलून चालत नाही.

अर्धायु

त्या दुसऱ्या बाजूचा हिशेब एकदा मांडू, म्हणजे प्लेट आणि गाठ यांतलं अंतर डोळ्यांसमोर येईल.

२० ग्रॅमचा उंदीर, मात्रा १ मिलिग्रॅम प्रति किलो. म्हणजे २० मायक्रोग्रॅम एसआयआरएनए. २०१६ साली नेचर रिव्ह्यूज मटेरियल्समध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात गाठीपर्यंत पोचणाऱ्या नॅनोकणांचा मध्यक दिलेल्या मात्रेच्या ०.७ टक्के निघाला होता. तोच घेऊ: ०.१४ मायक्रोग्रॅम. रेणुभार १३,३०० धरला तर १०.५ पिकोमोल, म्हणजे साधारण ६.३ लाख कोटी रेणू. अर्ध्या ग्रॅमच्या गाठीत ५० कोटी पेशी धरा. प्रत्येक पेशीच्या वाट्याला १२-१३ हजार रेणू.

बरं वाटतं. पण एंडोसोममधून पेशीद्रवात सुटतात १ ते २ टक्के. २०१३ च्या सूक्ष्मदर्शकी मोजणीतून आलेला हा आकडा आहे आणि अजूनही हिशेबाला तोच धरतात. म्हणजे कामाचे रेणू १२५ ते २५०. जनुकाचं काम अर्ध्यावर आणायला पेशीद्रवात काही हजार रेणू लागतात.

यात वाटणी समान धरली आहे. प्रत्यक्षात गाठीतले मॅक्रोफेज (कण गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) मोठा वाटा गिळतात आणि रक्तवाहिनीपासून दूरच्या पेशींना जवळपास काहीच मिळत नाही. म्हणून सुटका २ टक्क्यांवरून १० वर नेणं हे गाठीतला साठा दुप्पट करण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. पिपेटधारी यांनी सुरुवातीला जे म्हटलं त्याला आकड्यांचा आधार हा.

कणाद

हिशेब चोख आहे. डॉक्सोरुबिसिनला ही अट का लागत नाही तेही सांगायला हवं. लहान, काहीसा मेदविद्राव्य रेणू लायसोसोममधून (पेशीच्या पचनपिशवीतून) आपणहून बाहेर पडू शकतो. अँटिबॉडीला औषध जोडलेल्या औषधांमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकानमध्ये एका अँटिबॉडीवर सरासरी ८ रेणू असतात, जोड लायसोसोममधल्या कॅथेप्सिन या विकराने तुटतो आणि सुटलेलं औषध पटल ओलांडून शेजारच्या पेशीलाही मारतं. आधीच्या ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिनमध्ये सरासरी साडेतीन रेणू, जोड न तुटणारा. तिथे अँटिबॉडी पूर्ण पचल्यावर औषध लायसिनसकट उरतं, भारित असतं, त्यामुळे शेजारणीपर्यंत जवळपास पोचत नाही. दोन्हींतली अँटिबॉडी एकच, फरक जोडलेल्या औषधाचा, आतल्या सुटकेचा आणि संख्येचा.

झीटा_शून्य

लक्ष्यवेधी लिगँडबद्दल (पेशीवरच्या ग्राहीला जुळणाऱ्या रेणूबद्दल) कोणीच बोललं नाही. कणावर ट्रान्सफेरिन किंवा फोलेट लावलं तर ०.७ टक्के वाढत नाही का?

फ्लोसायटो

फारसं नाही. २००७ मधल्या ट्रान्सफेरिनच्या कणांवरच्या उंदरांतल्या अभ्यासात गाठीतला एकूण साठा लिगँड असो वा नसो, जवळपास सारखाच निघाला. फरक पडला तो गाठीत आल्यावर पेशीच्या आत जाण्यात. गाठीपर्यंतचा प्रवास रक्ताभिसरण आणि कणाचा आकार ठरवतात, लिगँड नाही. शिवाय सिरममधली प्रथिनं कणावर थर देतात आणि लिगँड त्याखाली झाकला जातो. लिगँड लावून सिरमविरहित माध्यमातच प्रयोग केला असेल तर निष्कर्ष काढू नये, किमान ५० टक्के सिरममध्ये पुन्हा करा.

आकाराबद्दल: २०११ मधल्या एका तुलनेत ३०, ५०, ७० आणि १०० नॅनोमीटरचे पॉलिमर मायसेल वापरले होते. रक्तवाहिन्या गळक्या असलेल्या गाठीत सगळे शिरले, पण स्वादुपिंडाच्या घट्ट गाठीत फक्त ३० चे आत गेले. गाठीची निवड कणाचं नशीब ठरवते.

झीटा_शून्य

धन्यवाद. मग विषाणू का नको? ते तर एंडोसोममधून सहज सुटतात.

कणाद

जनुक द्यायचं असेल आणि जागेवर देता येत असेल तर जरूर. नॅडोफॅराजीन फायराडेनोव्हेक, २०२२ ची मान्यता: इंटरफेरॉन अल्फा-२बी चं जनुक असलेला अ‍ॅडिनोव्हायरस, ७५ मिलिलिटर थेट मूत्राशयात, दर ३ महिन्यांनी. तिथे रक्ताभिसरणाचा प्रश्नच येत नाही. शिरेतून दिला तर आधीपासूनच्या अँटिबॉडी त्याला गाठतात आणि यकृत उरलेला उचलतं. एएव्ही या दुसऱ्या विषाणूचं म्हणाल तर त्याचा डीएनए केंद्रकात सुटा राहतो, विभाजन होणाऱ्या कर्कपेशींत पिढीगणिक विरळ होत जातो. एसआयआरएनएचंही तेच, भराभर विभाजित होणाऱ्या पेशींत परिणाम आठवड्याभरात ओसरतो.

प्लाझमिड (जनुक वाहणारं डीएनएचं वर्तुळ) लिपिडातून देणाऱ्यांनी आणखी एक अडथळा मोजावा: केंद्रक. एवढा मोठा डीएनए केंद्रकरंध्रातून सहज जात नाही, बहुतेक करून विभाजनाच्या वेळी केंद्रकपटल विरघळतं तेव्हाच आत सापडतो. म्हणून तीच कृती वेगाने वाढणाऱ्या पेशींत झकास आणि संथ पेशींत फुकट. एमआरएनएला केंद्रकाची गरज नाही.

विद्युतकंप

त्वचेवरच्या किंवा त्वचेखालच्या गाठींसाठी कण न वापरताही काम होतं, ते या चर्चेत यायला हवं. ब्लिओमायसिन हे कर्करोगाचं औषध पेशीपटल जवळजवळ ओलांडत नाही, पण एकदा आत गेलं की डीएनए तोडतं. १०० मायक्रोसेकंदांचे ८ स्पंद, सेंटीमीटरला १००० ते १३०० व्होल्ट, दिले की पटलात तात्पुरती छिद्रं पडतात. २००६ च्या युरोपीय कार्यपद्धतीत शिरेतून १५,००० एकक प्रति चौरस मीटर देऊन ८ ते २८ मिनिटांच्या खिडकीत स्पंद देतात. त्याआधी दिले तर औषध गाठीत पसरलेलं नसतं, नंतर दिले तर रक्तातून उतरलेलं असतं.

प्लाझमिडला हे स्पंद पुरत नाहीत. छिद्रं पाडायला छोटा उंच स्पंद आणि डीएनएला पटलाकडे ढकलायला लांब, कमी व्होल्टचा स्पंद, अशी जोडी लागते. आणि डीएनए स्पंदाच्या आधी तिथे हजर हवाच, नंतर टोचून उपयोग नाही.

लिपिडवाला

दोन कणांची योजना करणाऱ्यांसाठी पेगचा एक धोका. पेग असलेला पहिला कण दिला की प्लीहेत पेगविरोधी अँटिबॉडी (आयजीएम) बनू लागते आणि ५ ते ७ दिवसांनी दिलेला पेगवाला दुसरा कण झपाट्याने यकृतात जातो. एसआयआरएनए आणि डॉक्सोरुबिसिन यांत ४८ ते ७२ तासांचं अंतर असेल तर दुसरा कण बहुधा वाचतो. पण आठव्या दिवशी दुसरी फेरी सुरू केलीत तर पहिल्या फेरीसारखा साठा गाठीत येईल असं गृहीत धरू नका, रक्तातली पातळी प्रत्यक्ष मोजा.

पेगची शेपटीही ठरवून निवडा. १४ कार्बनची शेपटी रक्तात लवकर गळून पडते, कण यकृतात जातो. १८ कार्बनची टिकते, कण जास्त वेळ फिरतो, पण गाठीत पोचल्यावर तोच पेग पेशीत शिरण्याला आणि एंडोसोम फोडण्याला आड येतो. गाठीसाठी १८ घेऊन प्रमाण १.५ ते ३ टक्क्यांत बदलून बघणं एवढाच मार्ग आहे, यात फुकटचं काही मिळत नाही.

फ्लोसायटो

कंट्रोलांबद्दल लिहून ठेवते, एकही वगळू नका. रिकामा कण तेवढ्याच लिपिडाचा. निरर्थक क्रमाचा एसआयआरएनए त्याच कणात. निरर्थक एसआयआरएनए अधिक डॉक्सोरुबिसिन. योग्य एसआयआरएनए एकटा. डॉक्सोरुबिसिन एकटं, मोकळं आणि लिपोसोममधलं. प्रतिरोधक पेशींबरोबर मूळ, औषधाला दाद देणाऱ्या पेशी. मूळ पेशींतही तुमच्या मिश्रणाने तितकाच फायदा दाखवला तर तो पंपामुळे नाही, लिपिडाच्या विषारीपणामुळे आहे.

प्राण्यांत आणखी एक सापळा. रासायनिक बदल न केलेला एसआयआरएनए टीएलआर७ आणि ८ या प्रतिकारशक्तीच्या ग्राहींना चेतवतो, इंटरफेरॉन वाढतं आणि त्यानेच गाठ आकसते. दोन्ही पेडांत २'-ओ-मिथाइल असलेले न्यूक्लिओटाइड घाला आणि निरर्थक क्रमातही तेवढेच घाला. आरएनए-आय (एसआयआरएनएने जनुक गप्प होणं) खरंच झालं हे सिद्ध करायचं तर ५'-रेस (तुटलेल्या आरएनएचं टोक वाचणारी चाचणी) करून तुकडा नेमका मार्गदर्शक पेडाच्या १० व्या आणि ११ व्या न्यूक्लिओटाइडच्या दरम्यान समोर तुटलाय का ते पाहा. क्यूपीसीआरमधली (एमआरएनएच्या मोजणीतली) घट मरणाऱ्या पेशींतही दिसते.

नवी_पेशी

शेवटची शंका. कण एकदा केले की साठवायचे कसे? एसआयआरएनएचे उणे ८० ला ठेवले तर वितळल्यावर आकार दुप्पट होतो असं बऱ्याच जणांकडून ऐकते.

लिपिडवाला

पीबीएसमध्ये गोठवल्यामुळे. गोठताना सोडियम फॉस्फेटचे स्फटिक आधी बनतात, उरलेल्या द्रावाचा पीएच खाली घसरतो, एमसी३ भारित होतं आणि कण एकमेकांत मिसळतात. डायलिसिसचा शेवटचा टप्पा ट्रिसमध्ये करा, २० मिलिमोलार, पीएच ७.४, त्यात ८ ते १० टक्के सुक्रोज. छोट्या भागांत वाटून उणे ८० ला, आणि एक भाग एकदाच वितळवायचा. वितळल्यावर डीएलएस आणि रायबोग्रीन दोन्ही पुन्हा. डॉक्सोरुबिसिनचे लिपोसोम मात्र कधीच गोठवू नका. बर्फाने पटल तडकतं आणि आतलं औषध बाहेर येतं. ते २ ते ८ अंशांवर, अंधारात.